वीस रुपयांचा हिशेब मांडणारे दादाभाई

मध्यंतरी नातीला घेऊन वर्सोव्याहून घाटकोपरला मेट्रोने निघाले होते. डी. एन. नगर स्टेशनची घोषणा झाली आणि तिने सहज विचारले, आजी, डी. एन. म्हणजे काय गं? मी म्हटले, दादाभाई नौरोजी. तिचा पुढचा प्रश्न तयारच होता. त्यांनी काय केलं? पितामह, काँग्रेसचे अध्यक्ष, इंग्लंडच्या पार्लमेंटमध्ये निवडून आलेले पहिले हिंदी गृहस्थ, अशी शाळेत पाठ केलेली उत्तरे तोंडावर आली. मी स्वतः तीस वर्षे मास्तरकी केली आहे, तेव्हा पाठ केलेले उत्तर किती पोकळ असते हे मला ठाऊक आहे. म्हणून मी तिला वेगळेच उत्तर दिले. म्हटले, त्यांनी आपल्या देशाचा पहिला हिशेब मांडला. ती म्हणाली, देशाचा हिशेब कसा मांडतात? एवढ्यात अंधेरी आले, गर्दी आत शिरली आणि उत्तर राहूनच गेले. ते आज देते आहे.

दादाभाईंचा जन्म ४ सप्टेंबर १८२५ चा. घर गरीब पारशी पुरोहिताचे. मुलगा चार वर्षांचा असतानाच वडील गेले. आई माणेकबाईंना लिहिता-वाचता येत नव्हते, पण मुलगा शिकला पाहिजे हा त्यांचा हट्ट होता. त्या काळी मुंबईत फी न घेता शिकवणारी शाळा होती म्हणूनच हे शिक्षण झाले. आपण लोकांच्या पैशावर शिकलो, तेव्हा जे शिकलो ते लोकांच्या कामी लावले पाहिजे, हा विचार दादाभाईंच्या मनात तेव्हाच रुजला. एल्फिन्स्टनमध्ये ते शिकले आणि तिथेच गणिताचे प्राध्यापक झाले. त्या पदावर बसलेले ते पहिले हिंदी. १८४९ मध्ये तरुण मित्रांसह त्यांनी मुलींच्या शाळा काढल्या, तेव्हा ते दारोदार फिरून आईबापांची मनधरणी करीत. दारात उभे राहून अनोळखी माणसाला काही विचारणे किती अवघड असते, ते ज्याने केले त्यालाच कळते.

१८५५ मध्ये कामा कुटुंबाच्या पेढीत भागीदार म्हणून ते विलायतेला गेले. अफू आणि दारूच्या व्यवहारातला नफा त्यांना पटेना, तेव्हा तिथून बाहेर पडून त्यांनी स्वतःची कापसाची पेढी काढली. गणिताचा प्राध्यापक आता रोज जमा-खर्चाच्या वह्या पाहू लागला. लंडनमध्ये बसून हिंदुस्थानच्या कारभाराचे सरकारी अहवाल त्यांनी वाचायला घेतले. इतरांना कंटाळवाणे वाटणारे हे कागद त्यांनी व्यापाऱ्याच्या नजरेने वाचले. या पेढीत येते किती, जाते किती आणि शेवटी शिल्लक उरते किती, एवढाच त्यांचा प्रश्न होता.

उत्तर मात्र कुठेच मिळेना. बंदरातून किती माल गेला-आला ते नोंदलेले होते, कारण तिथे जकात वसूल होई. किती एकर जमीन लागवडीखाली आहे ते होते, कारण तिथे शेतसारा वसूल होई. पण विणकर, लोहार, कुंभार, तेली यांच्या घरात वर्षाला काय पिकते याचा पत्ता नव्हता. सरकारला जिथून पैसा मिळतो तिथलेच मोजमाप सरकार ठेवते, ही गोष्ट दादाभाईंच्या कागदांतून आपोआप दिसते.

तरीही त्यांनी हिशेब मांडला. १८६७ ते १८७० च्या सुमाराची आकडेवारी घेऊन, प्रांताप्रांतातली पिके घेऊन, एकरी उत्पन्न आणि बाजारभाव लावून शेतीचे मूल्य काढले. त्यातून बियाणे वजा केले, कारण पेरलेले दाणे पुन्हा खाता येत नाहीत. मीठ, अफू, जंगल, गुरेढोरे यांची भर घातली. उद्योगधंद्यांपाशी आल्यावर मात्र आकडेच नव्हते, तेव्हा ठोक दीड कोटी पौंड धरले, आणि राहून गेलेल्या साऱ्यासाठी आणखी तीन कोटी. कोणी आपल्यावर कंजूषपणाचा आरोप करू नये म्हणून हात सैल ठेवला. बेरीज आली सुमारे चौतीस कोटी पौंड. ब्रिटिश हिंदुस्थानची लोकसंख्या सतरा कोटी. म्हणजे माणशी वर्षाला दोन पौंड, त्या वेळचे वीस रुपये.

वीस रुपये पुरे की अपुरे? यासाठी त्यांनी तुरुंगांचे अहवाल काढले. कैद्याच्या अन्नवस्त्रावर सरकार करीत असलेला खर्चसुद्धा बहुतेक प्रांतांत माणशी वीस रुपयांहून जास्त होता. गुन्हेगाराला जगवायला जे लागते तेवढेही निरपराध माणसाच्या वाट्याला येत नव्हते. हे सारे त्यांनी १८७६ मध्ये मुंबईत निबंधरूपाने वाचले. पुढे १९०१ मध्ये हिंदुस्थानच्या दारिद्र्यावरचा त्यांचा मोठा ग्रंथ निघाला, त्याचा पाया हाच.

या निबंधातली आणखी एक गोष्ट गणिताची मास्तरीण म्हणून मला फार आवडते. सरकारी अहवालांत सरासरी काढण्याची रीतच चुकीची होती. निरनिराळ्या जिल्ह्यांचे दर एकत्र करून जिल्ह्यांच्या संख्येने भागायचे, मग एका जिल्ह्यात दहा लाख एकर असोत की दहा हजार. वाचकहो, हे आपल्या बाजारहाटात करून पाहा. पाच किलो कांदे वीस रुपये किलोने घेतले आणि पाव किलो लसूण दोनशे रुपये किलोने. दोन दरांची सरासरी काढली तर एकशे दहा रुपये किलो. पण पिशवीत सव्वापाच किलो माल आहे आणि खर्च झाले दीडशे रुपये, म्हणजे किलोमागे सुमारे साडेअठ्ठावीस. लसणाने कांद्याला श्रीमंत करून टाकले! दादाभाईंनी ही चूक दाखवली आणि इंडिया ऑफिसशी त्यावर लेखी वाद घातला. पुढे १८८२ मध्ये बेअरिंग आणि बार्बर या अधिकाऱ्यांनी माणशी सत्तावीस रुपयांचा अंदाज काढला. लॉर्ड कर्झनच्या काळात आकडा तीस झाला. आकडे कोणाचे बरोबर हा वाद राहिलाच, पण उत्तर द्यायला सरकारला मोजायला बसावे लागले, हे दादाभाईंचे खरे यश.

बाकीचे आयुष्य आपल्याला ठाऊक आहे. बडोद्याची दिवाणगिरी, १८८६, १८९३ आणि १९०६ अशी तीनदा काँग्रेसची अध्यक्षता, १८९२ मध्ये सेंट्रल फिन्सबरीतून हाताच्या बोटांवर मोजता येतील इतक्या मताधिक्याने पार्लमेंटमध्ये प्रवेश. १८९५ मध्ये हिंदुस्थानच्या खर्चाची चौकशी करणाऱ्या वेल्बी कमिशनवर ते सभासद होते. तिथेही वीस रुपयांचा धागा त्यांनी सोडला नाही. १९०७ मध्ये ते परतले आणि वर्सोव्याला समुद्रकाठी राहिले. ३० जून १९१७ रोजी, वयाच्या ब्याण्णवाव्या वर्षी त्यांचे निधन झाले. आमच्या वसाहतीला त्यांचे नाव आहे ते उगाच नव्हे.

आता नातीच्या प्रश्नाचा दुसरा भाग. आजचा हिशेब कसा होतो?

दादाभाईंनी ठोक धरलेला उद्योगांचा रकाना भरायला देशाला पुष्कळ वर्षे लागली. १९४२ मध्ये औद्योगिक आकडेवारीचा कायदा झाला, १९४६ पासून कारखान्यांची गणना सुरू झाली. स्वातंत्र्यानंतर १९४९ मध्ये राष्ट्रीय उत्पन्न समिती नेमली गेली. तिचे अध्यक्ष प्रशांतचंद्र महालनोबिस, आणि सभासदांत व्ही. के. आर. व्ही. राव यांच्याबरोबर आपले पुण्याचे धनंजयराव गाडगीळ. १९५३ च्या कायद्याने माहिती देणे कारखानदारांवर बंधनकारक झाले आणि १९५९ पासून उद्योगांची वार्षिक पाहणी सुरू झाली.

या पाहणीचा फॉर्म मी घरातच पाहिला आहे. माझे यजमान मरोळच्या एका छोट्या कारखान्यात हिशेबनीस होते. ज्या वर्षी त्यांच्या कारखान्याचा नंबर लागे त्या वर्षी तो जाडजूड फॉर्म ते रविवारी जेवणाच्या टेबलावर पसरून बसत. जमीन, यंत्रे, कामगार, पगार, वीज, कच्चा माल, तयार माल, प्रत्येकाचा रकाना वेगळा. मोठ्या कारखान्यांना सर्वांना विचारतात, लहानांतून नमुना निवडतात. भातातले एक शीत चाचपून पाहावे तसे. एकेका कारखान्याची माहिती गुप्त राहते, जाहीर होतात ते एकूण आकडे. विक्रीतून कच्चा माल आणि वीज-इंधन वजा केले की कारखान्याने स्वतः घातलेली भर कळते. वडापाववाल्याच्या दिवसाच्या गल्ल्यातून बटाटे, बेसन, तेल, पाव आणि गॅस वजा करावा तसे. असे केले नाही तर बटाटा शेतकऱ्याकडे एकदा आणि वड्यात दुसऱ्यांदा मोजला जाईल. दादाभाईंनी वजा केलेले बियाणे म्हणजे हेच.

पण कारखान्यांची यादी सरकारदफ्तरी असते. ज्यांची नोंद कुठेच नाही त्यांचे काय? त्यासाठी दारोदार जावे लागते. १९७७ मध्ये देशाची पहिली आर्थिक गणना झाली, पण तिने निदान एक तरी पगारी माणूस ठेवणारेच धंदे मोजले. १९८० पासून एकट्याने वा घरच्यांच्या मदतीने धंदा करणारेही आले. १९९० ची गणना जनगणनेच्या घरयादीबरोबरच झाली आणि त्या कामावर शिक्षकांना लावले गेले. त्यांत मी होते. माझ्या वाट्याला घाटकोपरच्या असल्फ्याच्या टेकडीवरच्या गल्ल्या आल्या.

शाळा सुटल्यावर हातात गेरूचा डबा आणि काखोटीला कागदांचे बाड घेऊन मी चढण चढत असे. दारावर नंबर लिहायचा, घरात माणसे किती, धंदा कोणता, कामाला कोण, हे विचारायचे. एका दुपारी एका खोलीतून शिलाई मशीनचा आवाज येत होता. मी दारात उभी राहिले तसा तो थांबला. बाई बाहेर आल्या. त्यांच्यामागे ब्लाउजच्या कापडांचा ढीग दिसत होता, आणि एक मुलगी खाली बसून काजे करीत होती. मी विचारले, काही धंदा करता का? त्यांनी नाही म्हणून सांगितले. घरचेच काम, असे म्हणून नजर चुकवली. टॅक्सवाले आले की घरमालकाचा माणूस आला, अशी काहीतरी भीती त्यांच्या डोळ्यांत होती. मला समजावता आले असते. हे कराचे काम नाही, तुमचे नाव कोणाला कळणार नाही, एवढे दोन शब्द बोलायला किती वेळ लागतो? पण पुढे तीस दारे उरली होती, ऊन होते, आणि मुलगा घरी एकटा होता. मी उद्योगाच्या रकान्यात नाही लिहिले आणि पुढे गेले. चार पावले गेल्यावर मशीन पुन्हा सुरू झाली. तो आवाज मला अजून ऐकू येतो.

घरी येऊन हे यजमानांना सांगितले तर ते म्हणाले, एका मशीनने देशाला काय फरक पडतो? तेव्हा मला उत्तर सुचले नाही. पुढे २०१३ च्या सहाव्या गणनेचे आकडे वाचले. देशात पाच कोटी पंच्याऐंशी लाख धंदे, आणि त्यांतले दहापैकी सात पगारी माणूस न ठेवणारे. म्हणजे हा देश बहुतांशी एकेका मशीनचाच बनलेला आहे. प्रत्येक गल्लीत एकेका मास्तरणीने कंटाळून नाही लिहिले, तर दादाभाईंनी ठोक धरलेला रकाना पुन्हा ठोकच राहणार. जे कागदावर नाही त्याच्यासाठी ना कर्जाची योजना आखली जाते, ना विजेची, ना पाळणाघराची.

दादाभाईंपाशी आकडे नव्हते म्हणून त्यांनी अंदाज केला, आणि तो अंदाज आहे असे उघड सांगितले. माझ्यापाशी खरा आकडा डोळ्यांसमोर होता आणि मी तो लिहिला नाही. दोन्हींत फरक आहे, आणि तो माझ्या बाजूचा नाही.

आता कागदाऐवजी मोबाइल आला आहे. २०१९ ची गणना त्यावरच सुरू झाली. पण दारात उभे राहून विचारणारा माणूसच असतो, आणि आतून उत्तर देणाराही. घरात डबे करणाऱ्या, शिकवण्या घेणाऱ्या, फॉल-पिको करणाऱ्या आपल्या भगिनींना एवढेच सांगणे. ओळखपत्र जरूर बघा, पण खात्री पटली की घरचेच काम म्हणून त्याला परत पाठवू नका. आणि विचारायला जाणाऱ्यांनी दोन मिनिटे जास्त थांबावे.

परतीच्या प्रवासात असल्फा स्टेशन आले तेव्हा मी नातीला खिडकीतून टेकडी दाखवली. आता ती घरे रंगीत दिसतात. तिने विचारले, इथे कोण राहतं? मी म्हटले, पुष्कळ लोक राहतात, आणि त्यांतल्या एकीचा हिशेब माझ्याकडून राहिला आहे.