आकाशाचे फोटो एडिट करताय? मग तळणीला आलेल्या अ‍ॅनी मॉन्डर माहीत हव्यात

रात्री गच्चीवर फोन ट्रायपॉडला लावून आकाशगंगेचा फोटो काढायचा, तो एडिटिंग अ‍ॅपमध्ये टाकायचा, स्लायडर उजवीकडे ओढायचा आणि आकाश जांभळं झालं की स्टेटसला लावायचं. आपल्यापैकी बऱ्याच जणांनी हे केलंय, मी पण केलंय. आमच्या खामगावात बाजाराकडच्या दिव्यांचा उजेड इतका असतो, की माझ्या पहिल्या फोटोत तारे कमी आणि पिवळा धूर जास्त होता. एडिट केल्यावर धूर जांभळा झाला, एवढाच काय तो फरक.

एडिटिंग नीट शिकायचं म्हणून शोधाशोध करताना एक स्पर्धा सापडली. लंडनमधल्या ग्रीनिच वेधशाळेतर्फे दरवर्षी खगोल फोटोग्राफीची मोठी स्पर्धा होते. त्यात एक बक्षीस असं आहे, की ज्यासाठी तुम्ही स्वतः फोटो काढायचाच नाही! दुर्बिणींचा सगळ्यांसाठी खुला असलेला डेटा घ्यायचा आणि त्यावर प्रोसेसिंग करून नवीन काहीतरी दाखवायचं. या बक्षिसाला नाव दिलंय अ‍ॅनी मॉन्डर यांचं. या बाईंनी त्यांचा सगळ्यात गाजलेला फोटो आपल्या विदर्भात काढला होता, तेही 1898 साली. मला हे कळलं तेव्हा मी फोन बाजूला ठेवून आधी नकाशा उघडला.

अ‍ॅनी रसेल यांचा जन्म 14 एप्रिल 1868 चा, आयर्लंडमधल्या स्ट्रॅबेन गावचा. वडील धर्मोपदेशक. केंब्रिजच्या गर्टन कॉलेजात त्या गणित शिकल्या आणि 1889 मध्ये तिथली अवघड ट्रायपॉस परीक्षा चांगल्या श्रेणीत पास झाल्या. पण डिग्री मिळाली नाही. तेव्हा केंब्रिज बायकांची परीक्षा घ्यायचं, पदवी द्यायचं नाही. हा नियम थेट 1948 मध्ये बदलला. अ‍ॅनीबाई 1947 मध्ये गेल्या.

1891 मध्ये त्या ग्रीनिच वेधशाळेत लागल्या. पदाचं नाव कॉम्प्युटर. म्हणजे मशीन नव्हे, आकडेमोड करणारी व्यक्ती. पगार महिन्याला 4 पौंड, शाळेत शिकवताना मिळायचा त्याहून कमी. काम होतं रोज सूर्याचा फोटो काढणं, काचेच्या प्लेटवरचे डाग मोजणं आणि त्यांची जागा नोंदवणं. विभागाचे प्रमुख होते वॉल्टर मॉन्डर. 1895 च्या शेवटी दोघांनी लग्न केलं आणि लगेच बाईंची नोकरी गेली, कारण लग्न झालेल्या बाईला सरकारी नोकरीत ठेवत नसत. पगार बंद झाला. सूर्याचं काम मात्र त्यांनी सोडलं नाही.

आता 22 जानेवारी 1898 कडे येऊ. त्या दिवशी दुपारी खग्रास सूर्यग्रहणाचा पट्टा विजयदुर्गजवळ भारतात शिरला आणि तिरका महाराष्ट्र ओलांडून पुढे बिहारकडे गेला. जगभरचे खगोलवाले इकडे आले होते. विजयदुर्गला नॉर्मन लॉकियर, सोलापूर जिल्ह्यातल्या जेऊरला अमेरिकेची लिक वेधशाळा आणि पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्सचे प्राध्यापक कावसजी नायगमवाला. मॉन्डर पती-पत्नी आणि त्यांच्या ब्रिटिश हौशी संघटनेची टीम थांबली तळणीला. धामणगाव आणि पुलगावच्या मधलं हे छोटं स्टेशन. मुंबईहून तिथे जाणारी लाइन आपल्या जळंबवरूनच जाते. खामगाव मात्र पट्ट्याच्या बाहेर राहिलं, इथे खंडग्रासच.

खग्रास अवस्था होती जेमतेम दोन मिनिटांची. त्यात टिपायचा होता करोना (व्हायरस नाही हो, सूर्याभोवतीचं पांढरं तेजोवलय). इथेच एडिटिंगवाल्यांची खरी अडचण आहे. करोनाचा सूर्यालगतचा भाग लख्ख असतो आणि बाहेरचा भाग त्याच्या शेकडो-हजारो पट फिका. एक्स्पोजर कमी ठेवलं तर बाहेरचं काही येत नाही. वाढवलं तर आतलं सगळं पांढरं फक्क होतं. फोनमध्ये याला आपण डायनॅमिक रेंजचा प्रॉब्लेम म्हणतो. खिडकीसमोर बसून सेल्फी काढली की चेहरा काळा किंवा खिडकी पांढरी होते ना, तेच.

जेऊरच्या अमेरिकन टीमकडे 40 फूट लांबीचा कॅमेरा होता, लेन्स 5 इंचांची. त्यात सूर्याचं चित्र सुमारे 11 सेंटिमीटरचं यायचं, आतला करोना बारीकसारीक तपशिलांसह. अ‍ॅनीबाईंचा कॅमेरा त्यासमोर खेळणं वाटावं असा. गर्टन कॉलेजच्या अनुदानातून घेतलेली दीड इंचाची लेन्स, फोकल लेंग्थ 9 इंच. प्लेटवर सूर्य उमटणार दोन मिलिमीटरचा, म्हणजे जवळपास मोहरीच्या दाण्याएवढा! पण हिशोब करून बघा. फोकल लेंग्थ भागिले लेन्सचा व्यास. मोठ्या कॅमेऱ्याचा आकडा येतो एफ/96, बाईंचा एफ/6. पसरट, फिकट प्रकाश टिपताना हाच आकडा महत्त्वाचा. छोट्या कॅमेऱ्यात तो प्रकाश थोड्या जागेत एकवटतो आणि प्लेटवर लवकर उमटतो. शिवाय आजूबाजूचं बरंच आकाश फ्रेममध्ये मावतं. त्यांनी मोठं चित्र सोडून दिलं आणि फिकं चित्र मागितलं.

आणि ते मिळालं. प्लेटवर करोनाचा एक लांबच लांब झोत उमटला, सूर्यापासून सुमारे एक कोटी किलोमीटरपर्यंत गेलेला. तोपर्यंत एवढा लांब झोत कुणाच्याच फोटोत आला नव्हता.

त्या काळात एडिटिंग नव्हतं असं समजू नका. त्याच ग्रहणाला भारतात आलेल्या बर्कहाल्टर नावाच्या अमेरिकनाने प्लेटसमोर फिरणारी एक चकती लावली होती. ती आतल्या करोनाला कमी आणि बाहेरच्याला जास्त एक्स्पोजर द्यायची. फोनमधला एचडीआर मोड जे करतो, ते त्याने लोखंड आणि गियर वापरून केलं. लंडनमध्ये वेस्ली नावाचे गृहस्थ वेगवेगळ्या एक्स्पोजरच्या प्लेटा शेजारी ठेवून त्यांवरून हाताने एकच करोना रेखाटायचे. आज त्याला आपण स्टॅकिंग म्हणतो आणि लॅपटॉपवर सिरिलसारखं फुकट सॉफ्टवेअर लावून चहा प्यायला जातो.

पण वेस्ली यांच्या चित्राला एक अट होती. रेघ ओढायची तर ती प्लेटवर दिसली पाहिजे. अ‍ॅनीबाईंच्या प्लेटवर झोत होता म्हणून तो दाखवता आला. माझ्या जांभळ्या आकाशात काय होतं? खरं सांगायचं तर काहीच नाही. जेपीईजीत प्रत्येक रंगाच्या 256 पायऱ्या असतात. 12 बिटच्या रॉ फाइलमध्ये 4096. फिका झोत, आकाशगंगेची धूळ, हे सगळं तळाच्या मोजक्या पायऱ्यांवर बसलेलं असतं. जेपीईजी बनताना त्याच पायऱ्या एकत्र चेपल्या जातात. मग कर्व्हज कितीही ओढा, वर येतो तो नॉइज. काचेच्या निगेटिव्हवरून कागदावर प्रिंट काढतानाही असंच व्हायचं, अगदी फिके भाग आधी गायब. म्हणून अभ्यासाला मूळ प्लेटच हातात घ्यायचे. काही फोन चंद्राच्या फोटोत स्वतःच खड्डे भरतात म्हणे. त्यावर वेस्ली काय बोलले असते, कल्पनाच करा.

तळणीनंतर बाई अल्जियर्स आणि मॉरिशसलाही ग्रहणं टिपायला गेल्या. 1904 मध्ये दोघांनी सूर्यडागांच्या वर्षानुवर्षांच्या नोंदी एका आलेखावर मांडल्या. डागांचे पट्टे फुलपाखरांच्या रांगेसारखे दिसतात, म्हणून तो बटरफ्लाय डायग्राम. आजही सौर संशोधक तोच आलेख पुढे वाढवत नेतात. हेही एक प्रकारचं इमेज प्रोसेसिंगच, हजारो फोटोंमधून काढलेलं एक चित्र. 1908 च्या त्यांच्या पुस्तकावर दोघांचं नाव आहे, पण जवळपास सगळं लिखाण अ‍ॅनी यांचं, हे वॉल्टर यांनी प्रस्तावनेतच सांगून टाकलं. मला हा माणूस त्यासाठी आवडतो.

रॉयल अ‍ॅस्ट्रॉनॉमिकल सोसायटीने 1892 मध्ये त्यांचं सदस्यत्व नाकारलं होतं. 1916 मध्ये दिलं. मधली 24 वर्षं त्या काम करतच होत्या. पहिल्या महायुद्धात ग्रीनिचला माणसं कमी पडली तेव्हा त्या परत तिथे गेल्या, या वेळी बिनपगारी.

2 ऑगस्ट 2027 ला आपल्याकडे दुपारनंतर खंडग्रास ग्रहण दिसेल. खंडग्रासात करोना दिसत नाही, त्यामुळे तळणीसारखा फोटो मिळायचा नाही. सूर्याची कोर टिपता येईल, पण फोनच्या लेन्सवर आणि तुमच्या डोळ्यांवर सोलर फिल्टर हवाच. भारतातून खग्रास बघायचं असेल तर 20 मार्च 2034, लडाखकडे. तोपर्यंत प्रॅक्टिस म्हणून फोनचा रॉ मोड चालू करा आणि गावाबाहेर, दिव्यांपासून लांब, एकाच जागेचे वीस-तीस फोटो काढून ठेवा. स्टॅकिंग पुढच्या लेखात करू.