मद्रासच्या माळावरून मोजणीस आरंभ करणारे विल्यम लॅम्बटन

चेन्नईच्या दक्षिणेस, विमानतळालगत, सेंट थॉमस माउंट ही लहानशी टेकडी आहे. या टेकडीच्या परिसरातील सपाट भूमीवर १० एप्रिल १८०२ रोजी लष्करातील एका अधिकाऱ्याने पोलादी साखळी अंथरून जमीन मोजण्यास आरंभ केला. पुढे अर्ध्याहून अधिक शतक चाललेल्या आणि हिमालयापर्यंत पोहोचलेल्या महान त्रिकोणमितीय सर्वेक्षणाचा तो पहिला दिवस होता. देशात १० एप्रिल हा दिवस राष्ट्रीय सर्वेक्षण दिन म्हणून पाळला जातो. या अधिकाऱ्याचे नाव विल्यम लॅम्बटन. हिमालय त्यांनी कधी पाहिला नाही. त्यांचा अंत झाला तो महाराष्ट्रात, वर्धा जिल्ह्यातील हिंगणघाट येथे.

उपग्रहांच्या साहाय्याने वनक्षेत्र, पाणलोट, पिके आणि भूजल यांचे नकाशे तयार करण्याच्या सध्याच्या काळात साखळीने जमीन मोजणाऱ्या माणसाचे स्मरण काहीसे विसंगत वाटण्याची शक्यता आहे. तथापि उपग्रहाने टिपलेली प्रतिमा ही प्रथमतः केवळ प्रतिमाच असते. तिच्यातील एखादे तळे किंवा एखादे शेत पृथ्वीवर नेमके कोठे आहे, हे ठरविण्यासाठी अक्षांश-रेखांश अचूक ठाऊक असलेले बिंदू आणि पृथ्वीच्या आकाराचे गणिती मापन आवश्यक असते. भारताच्या भूमीवर असे बिंदू काटेकोरपणे निश्चित करण्याचे काम लॅम्बटन यांनी सुरू केले.

लॅम्बटन यांचा जन्म इंग्लंडमधील यॉर्कशायर परगण्यात, नॉर्थॅलर्टनजवळ, १७५३ च्या सुमारास एका सामान्य कुटुंबात झाला. त्यांच्या जन्मतारखेविषयी मतभेद आहेत. गणितातील गती पाहून त्यांच्या शिक्षणाची सोय झाली. १७८१ मध्ये ते ३३ व्या पायदळ पलटणीत दाखल झाले आणि लगोलग अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धात रवाना झाले. यॉर्कटाउन येथे ब्रिटिश सेनेने शरणागती पत्करली, तेव्हा ते युद्धकैदी झाले. सुटकेनंतरची सुमारे १३ वर्षे त्यांनी सध्याच्या कॅनडातील न्यू ब्रन्सविक प्रांतात काढली. तेथे जमिनीची मोजणी आणि बराकींची देखरेख अशी दुय्यम कामे त्यांच्याकडे होती. सूर्यग्रहणाचे निरीक्षण करताना त्यांच्या एका डोळ्याची दृष्टी अधू झाली, असे सांगितले जाते. या एकांतवासात त्यांनी गणित आणि भूमापनशास्त्राचा अभ्यास मात्र सोडला नाही.

पलटणीत परत रुजू होऊन ते भारतात आले, तेव्हा त्यांनी वयाची चाळिशी ओलांडलेली होती. पलटणीचे प्रमुख होते कर्नल आर्थर वेलस्ली. म्हणजेच पुढे असईच्या लढाईत मराठ्यांच्या फौजांशी लढलेले आणि त्यानंतर ड्यूक ऑफ वेलिंग्टन झालेले सेनापती. १७९९ मध्ये टिपू सुलतानाविरुद्धच्या अखेरच्या युद्धात लॅम्बटन सहभागी होते. या मोहिमेतील एक प्रसंग प्रसिद्ध आहे. रात्रीच्या काळोखात जनरल बेअर्ड यांची तुकडी कूच करीत असता, ती उत्तरेऐवजी दक्षिणेकडे, थेट शत्रूच्या छावणीच्या रोखाने चालली आहे, हे लॅम्बटन यांनी ताऱ्यांच्या स्थानावरून ओळखले. जनरलसाहेबांचा विश्वास बसेना. अखेर होकायंत्र पाहण्यात आले आणि तुकडी मागे फिरली.

श्रीरंगपट्टणच्या पाडावानंतर कंपनी सरकारच्या हाती मोठा प्रदेश आला. पण या प्रदेशात नेमके काय आहे, याची माहिती सरकारकडे नव्हती. यासाठी एकाच सुमारास तीन कामे हाती घेण्यात आली. फ्रान्सिस बुकॅनन यांनी १८०० मध्ये मद्रासहून निघून म्हैसूर, कानडा व मलबार या भागांतील शेती, व्यापार आणि उद्योगांची पाहणी केली. कॉलिन मॅकेंझी यांनी म्हैसूर राज्यातील गावे, तलाव, रस्ते व सीमा नोंदविण्याचे काम पत्करले. लॅम्बटन यांची योजना याहून वेगळी होती. पूर्व किनाऱ्यापासून पश्चिम किनाऱ्यापर्यंत त्रिकोणांची अखंड माळ गुंफावी, म्हणजे इतर सर्व नकाशांना तिचा भक्कम आधार मिळेल आणि त्याचबरोबर पृथ्वीचा आकारही मोजता येईल, असा प्रस्ताव त्यांनी मांडला. वेलस्ली यांनी शिफारस केली व मद्रासचे गव्हर्नर लॉर्ड क्लाइव्ह यांनी त्याला मंजुरी दिली. हे लॉर्ड क्लाइव्ह म्हणजे प्लासीच्या क्लाइव्हचे पुत्र एडवर्ड.

बुकॅनन आणि मॅकेंझी यांच्या कामाचा उपयोग महसूल वसुलीसाठी तात्काळ होणार होता. लॅम्बटन यांच्या कामाचा तसा उपयोग दिसत नव्हता आणि त्यामुळे विरोध झाला. बंगालचा नकाशा तयार करणारे जेम्स रेनेल यांना हे काम अनावश्यक वाटले. मद्रासच्या अर्थसमितीतील एका सदस्याने तर श्रीरंगपट्टणला जायचे असेल तर पालखीच्या भोयांना तसे सांगितले की पुरे, त्यासाठी एवढा खटाटोप कशाला, असा सवाल केल्याचे नमूद आहे. हा सवाल अगदीच गैरलागू होता, असे म्हणता येणार नाही. खर्च मोठा होता आणि अखेर तो रयतेच्या महसुलातूनच भागवला जाणार होता.

या कामासाठी लागणारी उपकरणेही विलक्षण मार्गांनी मद्रासला पोहोचली. लंडनच्या रॅम्सडेन यांच्या कारखान्यात घडविलेली १०० फुटांची पोलादी साखळी ब्रिटिश शिष्टमंडळाने चीनच्या सम्राटाला भेट देण्यासाठी नेली होती. सम्राटाने ती स्वीकारली नाही आणि ती कलकत्त्यास आली. विल्यम केरी यांनी बनविलेले सुमारे अर्धा टन वजनाचे थिओडोलाइट, म्हणजे कोन मोजण्याचे यंत्र, समुद्रमार्गे येत असता फ्रेंचांनी पकडून मॉरिशसला नेले. हे यंत्र शास्त्रीय कामासाठी आहे, हे लक्षात आल्यावर फ्रेंच अधिकाऱ्यांनी ते सन्मानपूर्वक मद्रासला पाठवून दिले. त्या दोन राष्ट्रांतील तत्कालीन वैर ध्यानी घेता ही गोष्ट उल्लेखनीय म्हणावी लागेल.

त्रिकोणमितीय सर्वेक्षणाचे तत्त्व सोपे आहे. त्रिकोणाची एक बाजू आणि दोन कोन ठाऊक असतील तर उरलेल्या दोन बाजू गणिताने काढता येतात. म्हणजे प्रत्यक्ष जमिनीवर एकच रेषा मोजावयाची, पुढे केवळ कोन मोजत जावयाचे. मात्र या पहिल्या रेषेत झालेली चूक प्रत्येक त्रिकोणात उतरते. म्हणूनच सेंट थॉमस माउंटजवळची सुमारे साडेसात मैलांची आधाररेषा मोजताना लॅम्बटन यांनी पराकाष्ठेची दक्षता घेतली. साखळी जमिनीवर न टेकवता लाकडी पेट्यांमध्ये, तिवयांवर समपातळीत ठेवली जाई. विशिष्ट वजन लावून तिला ताण दिला जाई. मद्रासच्या ऐन उन्हाळ्यात पोलाद प्रसरण पावते. त्यामुळे पेट्यांमध्ये तापमापक ठेवून प्रत्येक वेळचे तापमान नोंदले जाई आणि त्यानुसार लांबीत दुरुस्ती केली जाई. ही साखळी अशा रीतीने ४०० वेळा उचलून पुढे मांडण्यात आली. मे महिन्यात हे काम पूर्ण झाले.

या रेषेवरून निघालेली त्रिकोणांची माळ पश्चिमेकडे सरकू लागली. १८०४ मध्ये बंगळूरजवळ पडताळणीसाठी दुसरी आधाररेषा मोजण्यात आली. मद्रासहून गणिताने काढलेली तिची लांबी आणि साखळीने प्रत्यक्ष मोजलेली लांबी यांत सात मैलांमागे अवघा ३.७ इंचांचा फरक निघाला. पश्चिम किनारा गाठल्यावर आणखी एक बाब स्पष्ट झाली. द्वीपकल्पाची या अक्षांशावरील रुंदी ४०० मैल मानली जात होती. ती प्रत्यक्षात ३६० मैलच भरली. पालखीच्या भोयांना ठाऊक नसलेली ४० मैलांची चूक नकाशातून दूर झाली.

बंगळूर परिसरातील निरीक्षणांत लॅम्बटन यांना एक विसंगती आढळली. ओळंबा जेथे असावयास हवा तेथून किंचित ढळत होता. भूगर्भात अधिक घनतेचा खडक असल्याने हे घडत असावे, असा तर्क त्यांनी केला. जमिनीखाली काय दडले आहे हे गुरुत्वाकर्षणातील फरकावरून ताडण्याची कल्पना यात बीजरूपाने दिसते. २००२ मध्ये अवकाशात सोडलेल्या ग्रेस या जोड-उपग्रहांनी याच सूत्रानुसार गुरुत्वाकर्षणातील सूक्ष्म बदल टिपले आणि राजस्थान, पंजाब व हरियाणातील भूजल झपाट्याने घटत असल्याचे २००९ मध्ये जगासमोर आले.

दरम्यान लॅम्बटन यांनी कन्याकुमारीहून उत्तरेकडे, ७८ व्या रेखांशाच्या आसपास, दुसरी माळ गुंफण्यास प्रारंभ केला होता. ग्रेट आर्क या नावाने ती ओळखली जाते. पृथ्वी ध्रुवांकडे चपटी असल्याने अक्षांशाच्या एका अंशाची लांबी विषुववृत्तावर सुमारे ११०.६ किलोमीटर, तर ध्रुवाजवळ सुमारे १११.७ किलोमीटर भरते. हा फरक मोजण्यासाठी विषुववृत्ताजवळील दीर्घ मोजणी उपयुक्त होती आणि ती भारतात शक्य होती.

१८०८ मध्ये हे काम तंजावरला पोहोचले. त्यावेळी तेथे भोसले घराण्यातील सरफोजी राजे दुसरे गादीवर होते. बृहदीश्वर मंदिराच्या भिंतींवर भोसले घराण्याचा इतिहास सांगणारा विस्तृत मराठी शिलालेख त्यांनी पाचच वर्षांपूर्वी कोरविला होता. कावेरीच्या सपाट प्रदेशात टेकड्या नाहीत. दूरवरचे बिंदू दिसण्यासाठी उंच जागा हवी, म्हणून अर्धा टन वजनाचे थिओडोलाइट या मंदिरावर चढविण्याचे ठरले. यंत्र वर खेचले जात असता दोर तुटला आणि यंत्र मंदिराच्या बांधकामावर आदळले. ज्या वर्तुळावर कोन वाचले जात, त्याचाच आकार बिघडला. नवीन यंत्र इंग्लंडहून येण्यास दीर्घ काळ लागणार होता. लॅम्बटन यांनी तंबूत स्वतःला कोंडून घेतले आणि तोफखान्याच्या कारागिरांच्या मदतीने, पाचरी व कप्प्यांच्या साहाय्याने, ते वर्तुळ सहा आठवडे तसूतसूने पूर्ववत केले. नवीन यंत्राची मागणीही त्यांनी स्वखर्चाने नोंदविली. दुरुस्त केलेले यंत्र त्यानंतरही अनेक वर्षे वापरात राहिले.

त्यांचे साहाय्यक बहुतांशी मद्रासमध्येच घडलेले होते. १७९४ मध्ये मद्रासला मोजणीचे शिक्षण देणारी शाळा मायकेल टॉपिंग यांच्या पुढाकाराने सुरू झाली होती. जोशुआ डी पेनिंग यांच्यासारखे तरुण या परंपरेतून पुढे आले. तीच शाळा विस्तारत जाऊन गिंडी अभियांत्रिकी महाविद्यालय झाली. हे महाविद्यालय सध्या अण्णा विद्यापीठाचा भाग असून सुदूर संवेदनाचे शिक्षण व संशोधनही तेथे चालते. मद्रास वेधशाळा हा सर्वेक्षणाच्या रेखांशांचा आरंभबिंदू होता. तिच्या रेखांशात सुमारे अडीच मिनिटांची चूक होती आणि ती भारताच्या नकाशांत विसाव्या शतकाच्या आरंभापर्यंत कायम राहिली.

ज्यांनी यंत्रे वाहिली, डोंगरमाथ्यांवर निशाणे धरली, दृष्टिरेषेत येणारी झाडी तोडली आणि जे जंगलतापाने दगावले, त्यांची नावे मात्र नोंदींमध्ये क्वचितच आढळतात.

१८१५ मध्ये बिदरजवळ दमरगिडा येथे आधाररेषा मोजून लॅम्बटन यांनी सुमारे १० अंशांचा कंस पूर्ण केला. १८१७ मध्ये रॉयल सोसायटीने त्यांना सदस्यत्व दिले. १ जानेवारी १८१८ पासून हे काम मद्रास सरकारकडून कलकत्त्याच्या मध्यवर्ती सरकारकडे गेले आणि त्याला महान त्रिकोणमितीय सर्वेक्षण हे नाव मिळाले. त्याच वर्षी पेशवाई संपुष्टात आली. दख्खन आणि मध्य भारताचे दरवाजे मोजणीदारांना उघडले गेले ते या विजयामुळे, हे विसरून चालणार नाही. जॉर्ज एव्हरेस्ट हे साहाय्यक म्हणून, तर डॉ. हेन्री व्हॉयसी हे वैद्य व भूगर्भतज्ज्ञ म्हणून या काळात रुजू झाले. व्हॉयसी यांनी सर्वेक्षणाच्या मार्गावरील खडक व खनिजांची केलेली पाहणी ही भारतातील भूगर्भशास्त्रीय अभ्यासाची सुरुवात मानली जाते.

लॅम्बटन आता वृद्ध झाले होते. खोकल्याने त्यांना जर्जर केले होते. तरीही हैदराबादचे ठाणे हलवून नागपूरला नेण्याचा निर्णय झाला, तेव्हा ते स्वतः निघाले. नागपूरच्या अलीकडे सुमारे ५० मैलांवर, हिंगणघाट येथील मुक्कामी, जानेवारी १८२३ मध्ये त्यांचे निधन झाले. वय सत्तरीच्या घरात होते. भारतात आल्यानंतर ते पुन्हा मायदेशी गेले नाहीत. त्यांच्या कारकिर्दीत सुमारे १ लाख ६५ हजार चौरस मैल प्रदेशावर त्रिकोणांचे जाळे विणले गेले होते. हिंगणघाटलाच त्यांना दफन करण्यात आले. ही कबर दीर्घ काळ दुर्लक्षित होती.

एव्हरेस्ट यांनी सूत्रे हाती घेतली आणि १८२५ मध्ये वऱ्हाडात टाकळखेडा येथे पुढची आधाररेषा मोजली. हा कंस १८४१ मध्ये डेहराडूनच्या परिसरापर्यंत पूर्ण झाला. या मोजणीच्या आधारे एव्हरेस्ट यांनी १८३० मध्ये मांडलेले पृथ्वीच्या आकाराचे मापन भारतीय नकाशांसाठी पावणेदोनशे वर्षे प्रमाण मानले गेले. २००५ च्या राष्ट्रीय नकाशा धोरणाने सर्वसामान्यांसाठीच्या नकाशांकरिता उपग्रहांवर आधारित जागतिक मापन स्वीकारले. जुन्या नकाशांवरील तलाव, ओढे आणि वनसीमा उपग्रह-प्रतिमांशी पडताळून पाहताना हे रूपांतर प्रथम करावे लागते.

लॅम्बटन ज्या नागपूरला पोहोचू शकले नाहीत, तेथे महाराष्ट्र सुदूर संवेदन उपयोजन केंद्र, भारतीय अंतराळ संशोधन संस्थेचे प्रादेशिक केंद्र आणि राष्ट्रीय मृदा सर्वेक्षण व भूमी उपयोग नियोजन संस्था कार्यरत आहेत. विदर्भातील जमिनी, जंगले व पाणलोट क्षेत्रांचे अंकीय नकाशे तेथे तयार केले जातात. हिंगणघाट तालुकाही त्यांत समाविष्ट आहे.