पंडिता रमाबाई : उपवास आणि उघडे दार

आमच्या खेड्यापाड्यांतील मंडळ्यांत सणांचे पालन आस्थेने होते. नाताळात मंदिराला तोरणे लागतात, उपवासकाळात प्रार्थनासभा भरतात, पुनरुत्थानदिनी पहाटे गीते गात फेरी निघते. हे सर्व उत्तमच आहे. परंतु सण सरला व तोरण सुकले, म्हणजे मग घरात, शेतात आणि विहिरीवर प्रभूची आज्ञा कितपत चालते, हा खरा प्रश्न होय. ज्यांनी आपल्या आयुष्याने याचे उत्तर दिले, त्या पंडिता रमाबाईंचे चरित्र आज वाचकांपुढे थोडक्यात ठेवीत आहो.

रमाबाईंचा जन्म 23 एप्रिल 1858 रोजी सह्याद्रीच्या दक्षिण भागातील गंगामूळच्या अरण्यात झाला. वडील अनंतशास्त्री डोंगरे हे मोठे पंडित. स्त्रियांनी संस्कृत शिकू नये असा त्या काळचा दंडक असताही शास्त्रीबोवांनी पत्नी लक्ष्मीबाई यांस ती विद्या दिली, व लक्ष्मीबाईंनी लेकीस. हे कुटुंब पुराणे सांगत तीर्थोतीर्थी फिरे. व्रते, उपवास व दानधर्म यांत त्यांनी काही उणे ठेविले नाही. पुढे मद्रास इलाख्यात दुष्काळ पडला व गाठीचे द्रव्य संपले. 1874 च्या सुमारास आईबाप गेले आणि त्यांच्या पाठोपाठ थोरली बहीणही गेली. भूक म्हणजे काय, हे बाईंस पुस्तकातून शिकावे लागले नाही.

बंधू श्रीनिवास यांच्यासह पायी फिरत त्या 1878 मध्ये कलकत्त्यास पोहोचल्या. तेथील विद्वानांनी त्यांस पंडिता व सरस्वती या पदव्या दिल्या. 1880 मध्ये बंधू वारले. त्याच वर्षी बिपिनबिहारी मेधावी यांच्याशी त्यांचा विवाह झाला. पण 1882 च्या फेब्रुवारीत पतीही गेले. कडेवर लहानगी मनोरमा घेऊन ही तरुण विधवा पुण्यास आली. येथे तिने आर्य महिला समाज स्थापिला, आणि स्त्रियांस शिक्षिका व वैद्य होण्याची सोय करावी, अशी साक्ष हंटर कमिशनपुढे दिली. पुढल्या वर्षी त्या विलायतेस गेल्या. 29 सप्टेंबर 1883 रोजी, म्हणजे संत मीखाएल व सर्व देवदूत यांच्या सणाच्या दिवशी, वाँटेज येथे मायलेकींचा बाप्तिस्मा झाला.

अमेरिकेतून साह्य मिळवून बाईंनी 11 मार्च 1889 रोजी मुंबईस विधवांसाठी शारदा सदन उघडिले. 1890 च्या नोव्हेंबरात ते पुण्यास आणिले. येथेच, बाप्तिस्म्यास सुमारे आठ वर्षे झाल्यावर, बाईंस कळून आले की, आपण ख्रिस्ती धर्म स्वीकारिला खरा, पण ख्रिस्ताला अजून स्वीकारिले नाही. ज्यांस आपले नाव मंडळीच्या वहीत आहे एवढ्यानेच समाधान वाटते, त्यांनी या गोष्टीचा विचार करावा.

त्यानंतर बाईंची परीक्षा झाली. त्या आपल्या खोलीत मुलीसह प्रार्थना करीत, तेव्हा दार उघडे असे. सदनातील काही विधवा आपण होऊन तेथे येऊन बसू लागल्या. सदनात कोणाच्या धर्मास हात लावणार नाही असे वचन होते, म्हणून पालकांस संशय आला. त्यांची शंका अगदीच निराधार होती असे आम्ही म्हणत नाही. बाईंनी कोणावर बळजोरी केली नाही. परंतु दारही लाविले नाही. 1893 मध्ये न्यायमूर्ती रानडे व डॉक्टर भांडारकर यांनी सल्लागार मंडळ सोडिले, कित्येक मुली घरी परत नेण्यात आल्या, आणि वर्तमानपत्रांत टीकेची झोड उठली. दार लाविले असते तर हे सर्व टळले असते.

1896 मध्ये मध्यप्रांतात दुष्काळ पडला. आपल्या आईबापांचे दिवस आठवून बाई तिकडे गेल्या, आणि सुमारे 300 बायका व मुली यांस त्यांनी आश्रय दिला. त्या वेळी पुण्यात प्लेगची धास्ती होती व एवढी माणसे शहरात ठेवणे सरकारी नियमांमुळे अशक्य झाले. तेव्हा लोहमार्गावरील केडगाव येथे पूर्वीच घेतलेल्या शेतावर झोपड्या पडल्या, व तेथे मुक्ती सदन उभे राहिले. गुजराथेतील दुष्काळानंतर, 1900 मध्ये, तेथे सुमारे 1500 जणी होत्या. भुकेल्यास अन्न देणे व निराश्रितास घरी आणणे हाच देवाला आवडणारा उपवास, असे यशया संदेष्ट्याने 58 व्या अध्यायात शिकविले आहे. तो उपवास केडगावी वर्षाचे बारा महिने चालू असे.

तेथे भक्ती व काम ही वेगळी नव्हती. बायका शेत पिकवीत, गाई पाळीत, विणीत, शिवीत, घाण्यावर तेल काढीत आणि छापखान्यात खिळे जुळवीत. मनोरमाबाईंनी अंधांस ब्रेल लिपी शिकविली. 1905 मध्ये तेथे मोठे संजीवन झाले, तेव्हा मुली टोळ्या करून आसपासच्या गावी सुवार्ता सांगावयास निघाल्या. अल्पशिक्षित बायकांसही समजावे म्हणून बाईंनी उतारवयात इब्री व ग्रीक भाषांचा अभ्यास करून पवित्र शास्त्राचे सोप्या मराठीत भाषांतर केले. 1921 च्या जुलैत मनोरमाबाई निवर्तल्या. त्या दुःखातही काम थांबले नाही. भाषांतर संपवूनच 5 एप्रिल 1922 रोजी बाईंनी देह ठेविला. संपूर्ण ग्रंथ 1924 मध्ये मुक्तीच्याच छापखान्यातून बाहेर पडला.

त्या वर्षी पुनरुत्थानदिन 16 एप्रिलला होता. म्हणजे बाई उपवासकाळातच गेल्या. चर्च ऑफ इंग्लंडच्या पंचांगात त्यांचे स्मरण 30 एप्रिल या दिवशी नेमिले आहे, आणि हा दिवस दरसाल पुनरुत्थानकाळातच येतो.

वाचकहो, आपणांस शारदा सदन काढणे साधणार नाही. परंतु उपवासाच्या दिवशी जे धान्य चुलीवर चढत नाही, ते पुन्हा कणगीत न टाकिता गावातील एखाद्या विधवेच्या घरी पोहोचविणे आपल्या हाती आहे. आपल्या विहिरीवर कोणालाही पाणी भरू देणे आपल्या हाती आहे. कुटुंबाच्या प्रार्थनेच्या वेळी दार उघडे ठेवणेही आपल्या हाती आहे. मग शेजारी येवोत अथवा नावे ठेवोत. प्रभू आपणांस तसे करण्यास बळ देवो.