डॉ. आंबेडकर आणि सभागृहातील जागा

आपल्या विद्यापीठाला १९९४ साली ज्यांचे नाव मिळाले, त्या डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना आपण घटनेचे शिल्पकार म्हणून वंदन करतो. परंतु आपल्या समाजाला कायदेमंडळात खरी जागा मिळावी म्हणून ते छत्तीस वर्षे झगडले, ही हकिकत फारशी कोणी सांगत नाही.

१४ एप्रिल १८९१ रोजी महू येथे सुभेदार रामजी सकपाळ यांच्या घरी भीमरावांचा जन्म झाला. १९१९ साली ते मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापक होते. त्या वर्षी मताधिकाराची चौकशी करणाऱ्या साउथबरो समितीपुढे त्यांनी साक्ष दिली. तेव्हा मताचा हक्क मालमत्ता व कर यांवर ठरत असे. ज्याच्यापाशी जमीनच नाही, त्याला मत कोठून असणार? ही अट सैल करावी आणि अस्पृश्यांनी आपले प्रतिनिधी स्वतः निवडावेत, अशी त्यांची मागणी होती. पदरी पडल्या त्या सरकारनियुक्त एक-दोन जागा. १९२७ साली ते स्वतः नेमणुकीनेच मुंबई कौन्सिलात गेले.

गोलमेज परिषदेत त्यांनी हाच प्रश्न लावून धरला. ऑगस्ट १९३२ मध्ये जातीय निवाड्याने ७१ जागा व स्वतंत्र मतदारसंघ दिला. त्याविरुद्ध गांधीजींनी येरवड्याच्या तुरुंगात उपोषण आरंभले आणि २४ सप्टेंबरला पुणे करार झाला. जागा १४८ झाल्या, पण स्वतंत्र मतदारसंघ गेला. अस्पृश्य मतदारांनी आधी चार नावे निवडावीत, एवढी सोय राहिली. शेवटची निवड सर्वांच्या मतांनी. मतदारसंघात अस्पृश्य थोडे, इतर पुष्कळ. मग निवडून येणारा माणूस कोणाला मानणार?

१९३७ साली त्यांच्या स्वतंत्र मजूर पक्षाने मुंबई प्रांतातील बहुतेक राखीव जागा जिंकल्या. १९४६ साली मात्र शेड्यूल्ड कास्ट फेडरेशनचा धुव्वा उडाला. घटना समितीत जाण्यासाठी त्यांना जोगेंद्रनाथ मंडल यांच्या साह्याने बंगालमधून निवडून यावे लागले. फाळणीने तीही जागा गेली. १९४७ साली काँग्रेसच्या पाठिंब्याने ते मुंबईतून पुन्हा आले व मसुदा समितीचे अध्यक्ष झाले. घटनेने प्रत्येक प्रौढाला मत दिले, अनुसूचित जाती-जमातींना राखीव जागा दिल्या.

आणि पहिल्याच सार्वत्रिक निवडणुकीत, १९५२ साली, काँग्रेसच्या नारायण काजरोळकरांनी मुंबईत त्यांचा सुमारे चौदा हजार मतांनी पराभव केला. ज्यांनी घरोघरी मत पोचविले, त्यांनाच मते कमी पडली! ते राज्यसभेत गेले. १९५४ साली भंडाऱ्याच्या पोटनिवडणुकीतही हरले. १९५५ साली त्यांच्या फेडरेशनने राखीव जागाच रद्द कराव्यात असा ठराव केला. ६ डिसेंबर १९५६ रोजी त्यांचे महापरिनिर्वाण झाले.

आज लोकसभेच्या ५४३ जागांपैकी अनुसूचित जातींसाठी ८४ व जमातींसाठी ४७ राखीव आहेत. आकडा भरला; पण त्या जागेवरचा सभासद आपल्या वस्तीसाठी बोलतो का, हे कोण पाहणार? १९५० साली बाबासाहेबांनी औरंगाबादेत कॉलेज काढले, तेच आजचे मिलिंद महाविद्यालय. मराठवाड्यात घरातून प्रथमच कॉलेजची पायरी चढणाऱ्या आमच्यासारख्यांची वाट तेथूनच रुंद झाली. मित्रहो, आपण वयाने मतदार झालो आहोत. मत दिल्यावर पाच वर्षे जाब विचारणे, हे शिकलेल्यांचे काम आहे.

— बी. ए. द्वितीय वर्ष