औंधचे सूर्योपासक राजे : श्रीमंत बाळासाहेब पंतप्रतिनिधी

आपल्या मंडळाच्या स्मरणिकेत दरवर्षी एखाद्या थोर पुरुषाचे चरित्र द्यावयाचे, हा परिपाठ आहे. ह्या वर्षी कोणाची निवड करावी असा विचार चालला असता मनीषनगरातील आपल्या सभासद कुटुंबांकडे आमचे लक्ष गेले. घरोघरी मधुमेह आणि रक्तदाब ह्यांची औषधे आहेत. पहाटे फिरावयास जाण्याचा संकल्प संक्रांतीला होतो आणि होळीच्या सुमारास तो बहुधा मावळलेला असतो. अशा वेळी ज्याने व्यायाम आणि आहार ह्यांचा नेम चाळीस वर्षांहून अधिक काळ पाळला, अशा पुरुषाचे स्मरण करावे असे आम्हांस वाटले. तो पुरुष म्हणजे औंध संस्थानचे अधिपती श्रीमंत भवानराव ऊर्फ बाळासाहेब पंतप्रतिनिधी. राजाचे चरित्र आपल्यासारख्या नोकरदार कुटुंबांना काय उपयोगाचे, अशी शंका कोणी घेईल. परंतु ज्याच्या घरी पक्वान्नांना तोटा नाही आणि ज्याला पहाटे उठविण्याची कोणाची छाती नाही, त्याने स्वतःला नेमात बांधून घेणे हे आपल्यापेक्षा अधिक कठीण, असे आमचे मत आहे.

बाळासाहेबांचा जन्म २४ ऑक्टोबर १८६८ रोजी झाला. सातारा जिल्ह्यातील औंध हे त्यांचे संस्थान. यमाईदेवीच्या डोंगराच्या पायथ्याशी वसलेले हे गाव राजधानीचे असले, तरी संस्थान लहान, ७२ गावांचे आणि तेही विखुरलेले. मराठेशाहीतील प्रतिनिधिपदाचा वारसा घराण्याकडे होता. मात्र धाकटे पुत्र असल्यामुळे गादी आपल्याकडे येईल अशी बाळासाहेबांस अपेक्षा करण्याचे कारण नव्हते. पुण्यास डेक्कन कॉलेजात राहून ते बी. ए. झाले. त्या काळी संस्थानिकांच्या मुलांत पदवीधर विरळाच असे. पुढे वडिलांच्या हाताखाली त्यांनी संस्थानच्या कारभाराचे काम केले. चित्रकला आणि कीर्तन ह्यांचा त्यांस मनस्वी नाद होता. चित्ररूप रामायण त्यांनी स्वतः रंगविले आणि कीर्तनास उभे राहताना राजेपणाचा संकोच कधी धरला नाही.

व्यायामाची आवड मात्र त्यांना प्रथम विलायती वाटेने लागली. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस यूजीन सँडो ह्या जर्मन मल्लाच्या नावाचा जगभर डंका वाजत होता. त्याची पुस्तके आणि व्यायामाची साधने हिंदुस्थानातील सुशिक्षित तरुण मोठ्या हौसेने मागवीत. बाळासाहेबांनीही ती मागविली आणि सुमारे दहा वर्षे सँडोच्या पद्धतीने नियमित मेहनत केली. दहा वर्षे हा काळ थोडा नव्हे. आपल्याकडे दहा दिवसांत नवे यंत्र कपडे वाळत घालण्याच्या कामी येते, हे ध्यानी घेतले म्हणजे ह्या माणसाची चिकाटी दिसून येते.

असे असता त्यांनी ती पद्धती सोडली. मिरजेचे अधिपती श्रीमंत गंगाधरराव ऊर्फ बाळासाहेब पटवर्धन हे सूर्यनमस्कार घालीत. त्यांचे उदाहरण पाहून औंधकरांनी १९०८ च्या सुमारास नमस्कारांचा आरंभ केला. तेव्हा त्यांचे वय चाळिशीचे होते. ह्या वयापर्यंत शरीर जसे घडले तसे घडले, आता काय व्हावयाचे, असे म्हणून आपण स्वस्थ बसतो. त्यांनी त्याच वयात नवा नेम धरला. पुढच्याच वर्षी, ४ नोव्हेंबर १९०९ रोजी, त्यांस गादी मिळाली. राज्यकारभाराची दगदग सुरू झाली, तरी नेम सुटला नाही. पहाटे उठून उपाशीपोटी रोज सुमारे ३०० नमस्कार ते घालीत.

सँडोची साधने सोडून त्यांनी जे स्वीकारले, त्यात आम्हांस नेम टिकण्याचे एक मोठे कारण दिसते. सूर्यनमस्काराला साधन लागत नाही. पुरुषभर लांबीची जागा मिळाली की पुरे. ती वाड्यात मिळते तशी दोन खोल्यांच्या बिऱ्हाडातही मिळते. सोबती लागत नाही, पावसाळ्यात खंड पडत नाही आणि आपल्या नागपुरात वैशाखातही सूर्य वर येण्यापूर्वी तो उरकता येतो. औंधच्या पद्धतीत एका नमस्काराच्या दहा अवस्था होत्या. पुढे वाकणे, पाय मागे नेणे, देह जमिनीशी समांतर करणे, छाती उचलून मान मागे घेणे आणि पुन्हा उभे राहणे, ह्या क्रमात पाठीचा कणा दोन्ही दिशांना वाकतो, पोटाचे व दंडांचे स्नायू राबतात आणि श्वासाला ताल लागतो. त्यास बीजमंत्रांच्या उच्चाराची जोड असे. नमस्कार ही उपासना पूर्वापार चालत आलेली. बाळासाहेबांनी तिचा शास्त्रशुद्ध व्यायाम म्हणून पुरस्कार केला, आणि ह्यातच त्यांची खरी कामगिरी आहे.

आहाराविषयीही त्यांचा कटाक्ष असाच होता. चहा, कॉफी आणि तंबाखू ही त्यांस वर्ज्य वाटत. न सडलेला तांदूळ, कोंड्यासह दळलेले पीठ, भाजीपाला, फळे आणि दूध ह्यांवर त्यांचा भर असे. जीवनसत्त्वांचे शास्त्र तेव्हा नवे होते, पण त्याची दखल त्यांनी घेतली होती. नमस्कार भरपूर घातले म्हणून वाटेल ते खावयास मोकळीक मिळते, हा समज त्यांनी कधी बाळगला नाही. आपल्याकडे सकाळी मैलभर चालून आल्यावर तर्री-पोह्यांची दुसरी बशी हक्काने मागविणारे काही कमी नाहीत. विदर्भातील ज्वारीची भाकरी, अंबाडीची भाजी आणि वरण हे जेवण औंधच्या कसोटीस बहुतांशी उतरले असते, असे आम्हांस वाटते. नडते ते वरचेवरचे तळण आणि गोड.

स्वतःपुरता नेम पाळून बाळासाहेब थांबले नाहीत. संस्थानच्या शाळांत मुलामुलींसाठी सूर्यनमस्कार सुरू झाले. राणीसाहेबही नमस्कार घालीत आणि स्त्रियांत त्याचा प्रसार व्हावा ह्यासाठी झटत. १९२८ साली त्यांचा ह्या विषयावरील इंग्रजी ग्रंथ प्रसिद्ध झाला. १९३६ मध्ये ते विलायतेस गेले असता लुईझ मॉर्गन ह्या पत्रकार बाईंनी त्यांची भेट घेतली. सत्तरीच्या उंबरठ्यावरील ह्या राजाचा ताठा व तजेला पाहून बाईंस नवल वाटले आणि त्यांनी वृत्तपत्रात लेखन केले. १९३८ साली त्यांच्याच संपादनाखाली ग्रंथाची नवी आवृत्ती लंडनमध्ये निघाली. आज जगभर योगाच्या वर्गांतून सूर्यनमस्कार घातले जातात, त्यांच्या प्रसाराच्या मुळाशी औंधच्या ह्या खटपटीचा मोठा वाटा आहे. त्याच १९३६ साली आपल्या अमरावतीच्या श्रीहनुमान व्यायाम प्रसारक मंडळाचे खेळाडू बर्लिनच्या ऑलिंपिकप्रसंगी देशी खेळ दाखवून आले, हेही येथे नमूद करावेसे वाटते.

थट्टाही झाली. नमस्कारांचे वेड महाराष्ट्रात इतके पसरले की १९३३ साली आचार्य अत्र्यांनी ‘साष्टांग नमस्कार’ हे नाटक लिहून त्या वेडाची यथेच्छ टर उडविली आणि प्रेक्षक पोट धरधरून हसले. टीकेत तथ्य मुळीच नव्हते असे आम्ही म्हणणार नाही. नमस्काराने बहुतेक सर्व रोग दूर होतात, अशा आशयाचे जे दावे बाळासाहेबांनी केले ते आजच्या वैद्यकाच्या कसोटीस उतरणारे नाहीत, आणि हृदयविकार, हर्निया किंवा कण्याचे दुखणे असलेल्या सभासदाने वैद्याच्या सल्ल्यावाचून त्या वाटेस जाऊ नये. सक्तीने घातलेला नमस्कार शाळा सुटताच सुटतो, हेही खरे. बाळासाहेब मात्र नाटक गाजल्यानंतरही पूर्वीप्रमाणेच पहाटे उठत राहिले.

स्वतःस आवरणारा हा राजा सत्तेच्या बाबतीतही हात आवरता घेऊ शकला. महात्मा गांधींच्या सल्ल्याने आणि मॉरिस फ्रीडमन ह्यांच्या साहाय्याने १९३९ मध्ये त्यांनी राज्यकारभार प्रजेच्या हाती सोपविणारी घटना दिली. आटपाडीजवळ स्वतंत्रपूर येथे कैद्यांसाठी मोकळी वसाहत उभी राहिली. लक्ष्मणराव किर्लोस्करांना कुंडलजवळ माळरान देऊन कारखान्यास आश्रय देणारेही तेच. वेदाभ्यासक पंडित सातवळेकर ह्यांनीही दीर्घकाळ औंधास राहून आपले कार्य केले. त्यांनी पुढे वयाची शंभरी गाठली.

१९४८ मध्ये संस्थान विलीन झाले. १३ एप्रिल १९५१ रोजी, ८२ वर्षांचे आयुष्य भोगून, बाळासाहेब निवर्तले. त्यांचे पुत्र आप्पासाहेब पंत स्वतंत्र भारताचे राजदूत म्हणून देशोदेशी राहिले आणि १९७० साली त्यांनी सूर्यनमस्कारांवर स्वतंत्र इंग्रजी पुस्तक लिहिले. औंधच्या डोंगरावर बाळासाहेबांनी उभारलेले श्रीभवानी संग्रहालय आजही पाहावयास मिळते. पंढरपूर-कोल्हापूरच्या यात्रेस जाणाऱ्या आपल्या कुटुंबांनी वाट थोडी वाकडी करून तेथे अवश्य जावे. चढण पायी चढण्याजोगी आहे.