आयफेल यांचा हवामान मनोरा

पॅरिसचा आयफेल टॉवर उभा राहिला तेव्हा त्याला आयुष्य मिळाले होते अवघ्या २० वर्षांचे. १९०९ अखेर करार संपला की मनोरा पॅरिस शहराच्या ताब्यात जाणार आणि बहुधा पाडला जाणार, असे ठरल्यासारखेच होते. तो वाचवण्यासाठी गुस्ताव्ह आयफेल यांनी त्याला विज्ञानाच्या कामाला जुंपले.

आयफेल यांचा जन्म १५ डिसेंबर १८३२ रोजी फ्रान्समधील दीजाँ येथे झाला. शिक्षण रसायनशास्त्राचे, पण नाव कमावले ते लोखंडी पुलांमुळे. पोर्तुगालमधील मारिया पिया पूल (१८७७) आणि फ्रान्समधील गाराबी पूल (१८८४) हे त्यांचे गाजलेले रेल्वेपूल. खोल दरीवरच्या अशा पुलांना गाडीच्या वजनाबरोबर वाऱ्याचा मारही सोसावा लागतो. हाच अनुभव मनोऱ्याच्या बांधणीत उपयोगी पडला. त्यांच्या कंपनीतील मॉरिस केश्लँ आणि एमिल नुगिए या अभियंत्यांनी मूळ आराखडा केला. पायाशी रुंद, वर निमुळता होत जाणारा आणि जाळीदार असा हा ३०० मीटर उंचीचा सांगाडा मार्च १८८९ मध्ये पूर्ण झाला.

त्याच वर्षी माथ्यावर हवामान केंद्र सुरू झाले. तिथे वायुवेगमापक, तापमापक, आर्द्रतामापक अशी उपकरणे बसवली गेली. वाऱ्याच्या नोंदी विजेच्या तारेने जवळच्या हवामान कार्यालयात आपोआप उमटत. अल्फ्रेड आंगो यांनी त्या तपासल्या, तेव्हा माथ्यावरचा वारा जमिनीलगतच्या वाऱ्याच्या सुमारे तिप्पट वेगाने वाहत असल्याचे दिसले. जमिनीजवळ वारा दुपारी जोर धरतो, तर माथ्यावर तो रात्री अधिक असतो, हेही समजले. दिवसा उन्हाने तापलेली हवा वर-खाली घुसळते आणि वरच्या वाऱ्याचा वेग खाली वाटला जातो. रात्री ही घुसळण थांबते. शांत, निरभ्र रात्री तर माथ्यावरची हवा जमिनीलगतच्या हवेपेक्षा उबदार निघे. थंडीत शहरांवर धूर का साचतो, याचे उत्तर या उलट्या तापमानात आहे. वरच्या उबदार थराचे झाकण बसले की खालची जड हवा अडकते आणि श्वासाचे विकार बळावतात.

१८९३ मध्ये पनामा कालव्याच्या घोटाळ्यात आयफेल यांना २ वर्षांच्या कैदेची शिक्षा झाली. वरिष्ठ न्यायालयाने ती रद्द केली, पण साठी ओलांडलेल्या आयफेल यांनी व्यवसायातून अंग काढून घेतले आणि उरलेले आयुष्य हवेच्या अभ्यासाला दिले. मनोऱ्याच्या दुसऱ्या मजल्यावरून तारेच्या आधाराने वस्तू खाली सोडून त्यांनी हवेचा रोध मोजला. १९०९ मध्ये मनोऱ्याच्या पायथ्याशी वातबोगदा बांधला. विमानाच्या पंखाला उचलण्यात खालच्या दाबापेक्षा वरच्या बाजूच्या ओढीचा वाटा मोठा असतो, हे तिथल्या प्रयोगांतून दिसले.

दरम्यान लष्कराने बिनतारी संदेशांसाठी मनोऱ्याचा वापर सुरू केला होता. अखेर कराराची मुदत ७० वर्षांनी वाढली आणि मनोरा वाचला. आयफेल यांचे २७ डिसेंबर १९२३ रोजी वयाच्या ९१व्या वर्षी निधन झाले. जमिनीपासून माथ्यापर्यंत वेगवेगळ्या उंचीवर हवा मोजायची, ही पद्धत आजच्या हवामान मनोऱ्यांवरही चालू आहे.