डॉ. क्यूसाकू ओगिनो : अंडोत्सर्गाचे गणित उलगडणारे चिकित्सक

मूल व्हावे म्हणून प्रयत्न करणारे जोडपे रायपूरच्या दवाखान्यात जावो वा पुण्याच्या, स्त्रीरोगतज्ज्ञांचा पहिला प्रश्न पाळीच्या तारखांविषयीच असतो. या तारखांवरून स्त्रीबीज केव्हा बाहेर पडते याचा अंदाज बांधण्याची शास्त्रीय रीत ज्यांनी घालून दिली, त्यांत जपानचे डॉ. क्यूसाकू ओगिनो यांचे नाव अग्रभागी आहे. गर्भधारणा नेमकी केव्हा होते, याचा शोध घेणाऱ्या या चिकित्सकाला जगाने मात्र गर्भधारणा टाळण्याच्या पद्धतीचा जनक म्हणून लक्षात ठेवले.

ओगिनो यांचा जन्म २५ मार्च १८८२ रोजी जपानच्या आइची प्रांतात तोयोहाशी परिसरातील नाकामुरा या शेतकरी कुटुंबात झाला. महाराष्ट्रात संततिनियमनाचा प्रचार करणारे र. धों. कर्वे यांचे जन्मवर्षही हेच. ओगिनो कुटुंबाने दत्तक घेतल्यावर क्यूसाकू यांचे आडनाव बदलले. १९०९ मध्ये तोक्यो इम्पीरियल विद्यापीठातून वैद्यकीय पदवी घेऊन १९१२ मध्ये ते पश्चिम किनाऱ्यावरील नीगाता शहरात ताकेयामा रुग्णालयाच्या स्त्रीरोग विभागात रुजू झाले. मोठ्या विद्यापीठाची प्रयोगशाळा हाताशी नसताना, रोजचे रुग्ण तपासत त्यांनी आपले संशोधन केले.

पुढून नव्हे, मागून मोजणी

अंडोत्सर्ग, म्हणजेच ओव्ह्युलेशन, केव्हा होतो याविषयी त्या काळी तज्ज्ञांत एकमत नव्हते. बहुतेकांची मोजणी आधीच्या पाळीपासून पुढे जात असे. भारतीय परंपरेतही ऋतुकाळ रजोदर्शनापासूनच मोजला जाई. मनुस्मृतीने तो सोळा रात्रींचा सांगितला आहे. परंतु कोणाची पाळी २६ दिवसांनी येते, तर कोणाची ३८ दिवसांनी. एकच आकडा सर्वांना लागू कसा पडावा, हा खरा पेच होता.

शस्त्रक्रियेसाठी पोट उघडले असता ओगिनो रुग्णाच्या अंडाशयाचे बारकाईने निरीक्षण करीत. स्त्रीबीज बाहेर पडल्यावर त्या जागी तयार होणारा पीतपिंड कोणत्या अवस्थेत आहे, याची ते नोंद ठेवीत आणि पुढची पाळी केव्हा आली तेही पाहत. या नोंदींतून त्यांना दिसले, की अंडोत्सर्गाचा संबंध मागच्या पाळीपेक्षा येणाऱ्या पाळीशी अधिक पक्का आहे. पुढच्या पाळीपूर्वीच्या १२व्या ते १६व्या दिवसांच्या दरम्यान स्त्रीबीज बाहेर पडते, हा निष्कर्ष त्यांनी १९२४ मध्ये जपानी भाषेत प्रसिद्ध केला. १९२९ मध्ये ते जर्मनीस गेले आणि १९३० मध्ये तो जर्मन भाषेतही प्रसिद्ध झाला. ऑस्ट्रियाचे डॉ. हेर्मान क्नाउस स्वतंत्रपणे अशाच निष्कर्षापर्यंत पोहोचले होते.

उशिरा होणाऱ्या अंडोत्सर्गाचा उलगडा

पाळीचे चक्र लांबते ते मुख्यतः त्याच्या पूर्वार्धात. स्त्रीबीज पक्व होण्यास वेळ लागतो. ते बाहेर पडल्यानंतरचा काळ तुलनेने स्थिर राहतो. म्हणून २८ दिवसांच्या चक्रात १४व्या दिवसाच्या सुमारास होणारा अंडोत्सर्ग ३५ दिवसांच्या चक्रात साधारण २१व्या, तर ४० दिवसांच्या चक्रात २६व्या दिवसाच्या सुमारास होतो.

स्त्रीबीज १२ ते २४ तासच फलनक्षम असते, तर शुक्राणू स्त्रीच्या शरीरात पाच दिवसांपर्यंत टिकू शकतात. त्यामुळे गर्भधारणेस अनुकूल काळ अंडोत्सर्गाचा दिवस व त्याआधीचे पाच दिवस इतकाच असतो. चक्र लांब असूनही केवळ १४व्या दिवसावर भिस्त ठेवणाऱ्या जोडप्याच्या हातून हे दिवस महिनोन् महिने निसटू शकतात, आणि दोष मात्र बहुधा स्त्रीच्या माथी येतो. उशिरा अंडोत्सर्ग होणे म्हणजे वंध्यत्व नव्हे. वर्षभरातील संधी मात्र कमी होतात : २८ दिवसांच्या चक्रात त्या सुमारे १३, तर ४० दिवसांच्या चक्रात नऊच.

तपासण्यांनाही हेच गणित लागू पडते. अंडोत्सर्ग झाला की नाही हे पाहण्यासाठी प्रोजेस्टेरॉनची रक्ततपासणी अनेकदा २१व्या दिवशी केली जाते. ती खरे तर अपेक्षित पाळीपूर्वी सात दिवस करावयाची असते. ३५ दिवसांचे चक्र असलेल्या स्त्रीने ती २१व्या दिवशी केल्यास अंडोत्सर्ग होत नसल्याचा चुकीचा निष्कर्ष निघू शकतो.

भारतातील प्रयोग

ओगिनो यांच्या निष्कर्षाचा उलटा उपयोग लवकरच सुरू झाला. नेदरलँड्सचे कॅथलिक डॉक्टर यान स्मुल्डर्स यांनी १९३० च्या सुमारास त्यावरून गर्भधारणा टाळण्याची दिनदर्शिका पद्धत मांडली. भारतात आरोग्यमंत्री राजकुमारी अमृत कौर यांच्या कारकिर्दीत, १९५१ मध्ये, जागतिक आरोग्य संघटनेने डॉ. अब्राहम स्टोन यांना पाठविले. त्यानंतर दिल्लीची लोदी कॉलनी आणि म्हैसूर राज्यातील रामनगरम येथे सुरक्षित काळाचे प्रयोग झाले. दिवस लक्षात राहावेत म्हणून स्त्रियांना रंगीत मण्यांच्या माळाही देण्यात आल्या. मात्र ही पद्धत देशाच्या कुटुंबनियोजन कार्यक्रमाचा कणा होऊ शकली नाही.

ओगिनो यांना स्वतःला हा उपयोग मान्य नव्हता. पुढची पाळी केव्हा येईल हे आधी निश्चित सांगता येत नाही; त्यामुळे अंदाज चुकतो आणि नको असलेले गर्भारपण व गर्भपात स्त्रीच्या वाट्याला येतात, याची त्यांना चिंता होती. गर्भधारणा टाळण्यासाठी अधिक भरवशाची साधने वापरावीत आणि आपल्या शोधाचा लाभ मूल हवे असलेल्यांना व्हावा, अशी त्यांची भूमिका होती.

मोजणीची ही मर्यादा आजही कायम आहे. म्हणूनच अनियमित पाळीत लघवीतील एलएच संप्रेरकाची चाचणी व सोनोग्राफीची मदत घेतली जाते. अंडोत्सर्ग लांबण्यामागे पीसीओएस, थायरॉइडचे विकार, प्रोलॅक्टिनची वाढ, वजनातील मोठे चढउतार अशी कारणे असू शकतात आणि त्यांपैकी बहुतेकांवर उपचार आहेत. वर्षभर, आणि स्त्रीचे वय ३५ किंवा अधिक असल्यास सहा महिने, प्रयत्न करूनही गर्भ न राहिल्यास दोघांनीही तपासणी करून घ्यावी. पाळी सतत ३५ दिवसांहून अधिक लांबत असेल, तर तेवढेही थांबू नये.

१९३६ मध्ये ओगिनो ताकेयामा रुग्णालयाचे प्रमुख झाले. गर्भाशयमुखाच्या कर्करोगावरील शस्त्रक्रियेतही त्यांचा लौकिक होता. कीर्ती जगभर पसरली तरी त्यांनी नीगाता सोडले नाही. १ जानेवारी १९७५ रोजी, वयाच्या ९२व्या वर्षी त्यांचे निधन झाले. त्या शहरातील एक रस्ता आणि एक उद्यान आज त्यांच्या नावाने ओळखले जाते.